किल्ल्याखालची पेठ
जपानची दैनंदिनी : इनुयामा

मंगळवार

किसो नदी डोंगरातून बाहेर पडून मैदानाला लागते, त्या तोंडावरच इनुयामाचा किल्ला आहे. नदीच्या अलीकडे आइची प्रांत, पलीकडे गिफू. नागोयाहून मेइतेत्सु रेल्वेची गाडी अर्ध्या तासात इथे पोचवते, त्यामुळे बरेच प्रवासी सकाळी येऊन संध्याकाळी परततात. आम्ही मात्र मुक्कामाच्या तयारीने आलो, कारण मला इथली पेठ सावकाश, भूक लागेल तशी खायची होती. बरोबर माझे पूर्ण शाकाहारी यजमान आहेत आणि नागोयात नोकरी करणारी माझी भाची. तिला जपानी उत्तम येतं, हा आमचा मोठाच आधार.

सरदाराने किल्ला बांधायचा, भोवती सामुराईंची घरं वसवायची आणि किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर व्यापारी आणि कारागीर आणून बसवायचे, अशी सोळाव्या-सतराव्या शतकातली रीत होती. अशा गावाला जोकामाची म्हणतात. यातली कित्येक गावं दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बफेकीत जळाली आणि वाचली त्यांच्यातली काही पुढे रस्ते रुंद करताना गेली. इनुयामाची होनमाची ही मुख्य पेठही रुंदीकरणाच्या आराखड्यात होती. दोन्ही बाजूंची जुनी लाकडी घरं मागे हटवून मोटारींसाठी मोठा रस्ता करायचा बेत होता. गावाने तो रद्द केला, विजेच्या तारा जमिनीखाली घेतल्या आणि घरं जागच्या जागी दुरुस्त केली. आज ज्या घरांत खाण्याची दुकानं थाटली आहेत, ती या निर्णयामुळे उभी आहेत. हे मी आधीच लिहून ठेवते, कारण उद्याच्या प्रत्येक घासामागे ते आहे.

संध्याकाळी नदीवर गेलो. पाणकावळ्यांकडून मासे पकडण्याची उकाई नावाची जुनी पद्धत इथे १५ ऑक्टोबरपर्यंत चालते. होडीच्या नाकावर लोखंडी टोपलीत लाकडं पेटलेली असतात आणि गवताचा घागरा ल्यालेला उशो, म्हणजे पाणकावळे वागवणारा कोळी, पक्ष्यांच्या दोऱ्या एका हातात सांभाळतो. मला ओढ होती ती आयू माशाची. हा मासा दगडावरचं शेवाळ खाऊन वाढतो, म्हणून त्याच्या मांसाला काकडीचा वास येतो. काडीवर तो असा वाकवून ओवतात की भाजतानाही तो पोहतोय असं वाटावं. शेपटीला आणि परांना मीठ जाड थापलेलं असतं, म्हणजे ते जळत नाहीत. ऑक्टोबरात मादीच्या पोटात अंडी असतात. डोक्यापासून खायला सुरुवात करायची आणि आतड्याचा कडूपणाही सोडायचा नाही, असं भाचीने बजावलं. तो कडूपणा मला फार आवडला.

बुधवार

सकाळी उघडतानाच किल्ल्यावर गेलो. जपानात मूळच्या बांधणीचे फक्त १२ मनोरे उरले आहेत आणि त्यांतले पाच राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर झाले आहेत. इनुयामा त्या पाचांतला. बलाढ्य सरदार ओदा नोबुनागाचा काका नोबुयासु याने १५३७ साली हा किल्ला वसवला असं सांगतात. अलीकडे लाकडातल्या वलयांची तपासणी झाली, तेव्हा आजच्या मनोऱ्याचं लाकूड १५८०च्या दशकात तोडलेलं निघालं. १६१७पासून किल्ला नारुसे घराण्याकडे होता. १८९१च्या भूकंपात मनोऱ्याची पडझड झाली, तेव्हा सरकारने दुरुस्तीच्या अटीवर तो याच घराण्याला परत दिला आणि २००४पर्यंत तो त्यांच्या खाजगी मालकीचा होता. जिने शिडीइतके उभे आहेत. वरच्या मजल्याभोवती लाकडी सज्जा आहे आणि कठडा जेमतेम मांडीपर्यंत येतो. तिथून एका बाजूला किसोचं पात्र दिसतं, दुसऱ्या बाजूला आपल्याला खायची आहे ती पेठ, किल्ल्याच्या पायथ्यापासून सरळ दक्षिणेला गेलेली.

दहाच्या सुमाराला पेठेत उतरलो. घरांची तोंडं अरुंद, पण आत खोलच खोल. कापडाच्या व्यापाऱ्याचं इसोबे घराणं होतं, त्यांचा वाडा आत जाऊन बघता येतो. पुढे दुकान, मग राहण्याच्या खोल्या, अंगण आणि अगदी मागे कोठार. वाड्याचं छप्पर वरच्या बाजूला हलकेच फुगवटा असलेलं आहे. रस्त्यावर तसं हे एकच घर माझ्या नजरेत भरलं.

इनुयामात जवळजवळ सगळं काडीवर मिळतं. तोफू, भात, मांस, गोड गोळे, तळलेले पदार्थ, सगळ्याला बांबूची काडी. एकेक काडी साधारण दोनशे-तीनशे येनची, म्हणजे थोडं थोडं बरंच काही चाखता येतं.

पहिली काडी देंगाकूची. दुकानाच्या दारातच उथळ, लांबट भट्टी होती आणि तिच्यामागे डोक्याला पांढरं फडकं बांधलेल्या आजी. तोफूच्या चार बोटं लांब वड्या दोन टोकांच्या काडीवर लावलेल्या, म्हणजे उलटताना वडी फिरत नाही. आधी दोन्ही बाजू नुसत्याच शेकायच्या. पाणी सुटून निखाऱ्यावर टपटपतं, चर्र होतं आणि वडीवर पिवळसर कातडी धरते. ही कातडी धरल्याशिवाय आजी मिसोला, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याला, हात लावत नव्हत्या. मग रुंद ब्रशने साखर घातलेल्या तांबड्याकाळ्या मिसोचा लेप एकाच बाजूला, आणि वडी पुन्हा विस्तवावर. कडेची साखर बुडबुडायला लागली, एखादा ठिपका काळा पडला की काडी उचलली. वर सान्शोच्या पुडीची चिमूट. ही सान्शो म्हणजे आपल्या कोकणातल्या तिरफळाच्याच कुळातलं झाड. जिभेला ती तशीच मुंग्या आणते. बांगड्याच्या आमटीत तिरफळं टाकणाऱ्या घरातल्या माणसाला ती लगेच ओळखू येईल.

यजमानांनी हात पुढे करण्याआधी भाचीने विचारलं, "कात्सुओ-दाशी हाइत्ते इमास का?" बोनिटो मासा वाळवून त्याचा जो अर्क काढतात, तो यात आहे का, असा प्रश्न. शाकाहारी वाचकांनी हे वाक्य पाठ करावं. जपानात मासा दिसत नाही तिथेही हा अर्क असतो, मिसोच्या लेपातसुद्धा. आजी म्हणाल्या, नाही, आम्ही कोम्बु घालतो, म्हणजे समुद्री शेवाळ. पुढच्या एका दुकानात तोच प्रश्न विचारल्यावर दुकानदाराने दोन्ही हातांची फुली करून दाखवली आणि स्वतःहून आम्हाला भाताच्या काडीकडे वळवलं. इथली माणसं या प्रश्नाचं उत्तर फार काळजीने देतात.

ती भाताची काडी म्हणजे गोहेइमोची. भात अर्धवट कुटायचा, दाणे जाणवले पाहिजेत. मग काडीवर थापायचा, कुठे चपलेच्या तळव्याच्या आकारात, कुठे लहान गोळ्यांच्या, आणि भाजायचा. लेपात सोया सॉस, साखर, अक्रोड, तीळ. किसो, मिनो, मिकावा या डोंगरी मुलखाचा हा पदार्थ. आत मऊ, बाहेर करपट-गोड आणि मध्येच अक्रोडाचा कण. यजमानांनी दोन खाल्ल्या आणि तिसरी घेऊ का म्हणून माझ्याकडे पाहिलं. पेठेतली सर्वांत पोटभरीची काडी हीच.

पेठेत सर्वांत जास्त गर्दी मात्र रंगीत दांगोच्या दुकानापुढे होती. तांदळाचे छोटे गोळे, वर गुलाबी, हिरवी, पिवळी सजावट. किमोनो भाड्याने घेतलेल्या मुली दुकानापुढे काड्या उंच धरून फोटो काढत होत्या. चवीला ते गोड आहेत, याहून जास्त मला काही सांगता येत नाही. देंगाकूला जो विस्तव लागलेला असतो तो यांना लागत नाही. तरी त्या मुलींबद्दल मला तक्रार करवत नाही. त्या दुपारभर या पेठेत पैसे खर्च करतात आणि शंभर वर्षं जुन्या घराचं छप्पर शाकारायला तो पैसा लागतो. मग हिदाच्या गोमांसाची सुशी आली, भाचीने ती खाल्ली आणि डोळे मिटून मान हलवली. त्याबद्दल मी एवढंच लिहिते.

एक रीत सर्वत्र दिसली. हातात काडी घेऊन इथे कोणी चालत नाही. दुकानापुढच्या बाकावर बसून किंवा उभं राहून खायचं आणि रिकामी काडी त्याच दुकानात परत द्यायची. रस्त्यात कचऱ्याच्या पेट्या जवळपास नाहीत, तरी दिवसअखेर जमिनीवर एक काडी दिसली नाही. पाचच्या आसपास दुकानं बंद व्हायला लागली आणि सहाला पेठेत फक्त तिथे राहणारी माणसं उरली.

गुरुवार

काल देंगाकूवर जो मिसो होता, त्याच्या गावी आज जायचं ठरवलं. नागोयाला गाडी बदलून ओकाझाकी. पुढे शोगुन झालेल्या तोकुगावा इएयासुचा जन्म इथल्या किल्ल्यात १५४३ साली झाला. जुना मनोरा मेइजी काळात पाडला गेला आणि आजचा १९५९ सालचा काँक्रिटचा आहे. आम्ही त्याच्यासमोरून पुढे गेलो.

किल्ल्यापासून पश्चिमेला आठ चो, म्हणजे साधारण ८७० मीटरवर, हाच्चो नावाचं जुनं गाव आहे. तिथे तोकाइदो या जुन्या महामार्गाच्या दोन बाजूंना दोन घराणी समोरासमोर मिसो करत आली आहेत, मारुया आणि काकुक्यू. मारुयाची सुरुवात १३३७ची, काकुक्यूची १६४५ची. बाकी जपानात मिसोला बहुधा तांदळाची बुरशी लावतात. इथे तांदूळ नाही, जव नाही, फक्त सोयाबीन, मीठ आणि थोडं पाणी. वाफवलेल्या सोयाबीनचे मुठीएवढे गोळे करून त्यांवर बुरशी धरवतात, मग मिठात कालवून लाकडी पिंपात भरतात.

त्या पिंपांपुढे मी बराच वेळ उभी राहिले. माणसापेक्षा उंच, सुगी नावाच्या जपानी झाडाच्या लाकडाची, बांबूच्या वेठांनी आवळलेली. एकेका पिंपात सुमारे सहा टन मिसो आणि वर सुमारे तीन टन नदीचे गोटे. गोटे एकावर एक असे रचलेले की शंकूसारखा ढीग उभा राहतो. ना चुना, ना माती. मोठे गोटे कडेला, लहान फटीत. हे काम हातात बसायला वर्षानुवर्षं लागतात आणि नीट रचलेला ढीग भूकंपातही कोसळत नाही. दोन उन्हाळे आणि दोन हिवाळे मिसो या दगडांखाली दबून राहतो. पाणी कमी असल्यामुळे तो घट्ट होतो, टिकतो, आणि म्हणून सैनिकांच्या शिदोरीत असायचा. यात वापरलं जाणारं मीठ मिकावाच्या किनाऱ्यावरून याहागी नदीने येत असे.

२०१७ साली 'हाच्चो मिसो' या नावाचं भौगोलिक मानांकन सरकारने आइची प्रांतातल्या उत्पादकांच्या संघाला दिलं. गावाला ज्यांनी नाव मिळवून दिलं ती ही दोन घराणी त्या नोंदणीबाहेर राहिली. मारुयाने न्यायालयात दाद मागितली, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, पण निकाल तिच्या बाजूने लागला नाही. ही गोष्ट मला अन्यायाची वाटते. कमी दिवसांत, स्टीलच्या टाकीत केलेल्या मिसोलाही तेच नाव लागू शकत असेल, तर हे दगड रचायला नवी माणसं कशासाठी शिकतील?

बाहेर पडताना मिसो सूप मिळालं. कडवट, तुरट, किंचित आंबट. गोडीसाठी साखर का घालतात ते तेव्हा कळलं. नुसता हा मिसो जिभेला अवघड आहे, पण विस्तवावर साखरेबरोबर तो फुलतो. भाचीने मिसोचं आइस्क्रीम घेतलं आणि मलाही चाखवलं, "मावशी, हे घरी कुणाला सांगितलं तर विश्वास बसणार नाही." खारट गोडवा छान होता.

शुक्रवार

परतायच्या आधी पुन्हा इनुयामात एक फेरी. उराकुएन बागेत जोआन ही चहाची खोली आहे. ओदा उराकु याने ती क्योतोत १६१८च्या सुमाराला बांधली, १९७२ साली ती इथे हलवली. तीही राष्ट्रीय ठेवा. आत जाता येत नाही, बाहेरून वाकून बघायचं.

मग पेठेत गेंकोत्सु घेतली. किनाको म्हणजे भाजलेल्या सोयाबीनचं पीठ, पाकात मळून केलेली कडक गोळी. डबा उघडल्यावर पंढरपूरच्या डाळव्याचं पीठ दळून आणल्यावर येतो तसा वास आला. यजमानांनी दोन पाकिटं पिशवीत टाकली. जवळच निंदोशु हे हनीसकलच्या जातीच्या वेलीपासूनचं मद्य करणारी जुनी भट्टी आहे. आम्ही दुकान बाहेरूनच पाहिलं.

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी : एप्रिलच्या पहिल्या शनिवार-रविवारी इथली रथयात्रा असते. १६३५पासून चालत आली आहे, १३ रथ निघतात, त्यांवर यांत्रिक बाहुल्या नाचतात आणि रात्री प्रत्येक रथावर ३६५ कंदील लागतात. पण तेव्हा पेठेत हलायला जागा मिळत नाही. खायला जायचं असेल तर मधल्या वारी जा, सकाळी दहाला पेठेत असा, सुट्टे येन जवळ ठेवा. पहिली काडी देंगाकूचीच घ्या, तीही जिथे कोळशाचा धूर दिसतो त्या दुकानातून. तिथेच उभं राहून खा आणि रिकामी काडी दुकानदाराच्या हातात परत द्या.

पुढच्या हप्त्यात नागारा नदीच्या खोऱ्यातलं गुजो-हाचिमान.