विनंती थांबा

सिन्नरच्या पूर्व भागात, वावीकडे, पावसाचा हात कायम आखडलेला. तरी तिथल्या चाळींत उन्हाळ कांदा भरतोच. कांद्याला गंधकाची भारी ओढ. त्याचा तिखटपणा आणि चिरणाऱ्याच्या डोळ्यांतलं पाणी, दोन्ही त्या गंधकाची करणी. मुळं जमिनीतून गंधक ओढू लागली की त्याच वाटेनं त्याचं भावंड, सेलेनियमही आत शिरतं. मुळं त्याला अडवत नाहीत, आणि कांद्याचं त्याच्यावाचून काही अडतही नाही. अडतं ते आपलं. मातीत असेल तर पिकात, पिकात असेल तर ताटात. शरीराला ते स्वतः घडवता येत नाही.

बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आली. त्या भाकरीला नावं ठेवणारी म्हातारी माणसं अजून भेटतात. परक्या मातीतली कुठली खनिजं तिच्यातून पोटात गेली, हा विचार तेव्हा कुणाच्या डोक्यात येणार? भूक मोठी होती. पुढच्याच वर्षी, १९७३ साली, विस्कॉन्सिनमध्ये रॉट्रक आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज या एन्झाइमचा सेलेनियम हा घटकच आहे. आपण श्वास घेतो, पेशी प्राणवायू वापरते, आणि त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. जखमेवर ओतलं की फसफसतं तेच. हे एन्झाइम त्याचं पाणी करून टाकतं. तिथं गंधकही चाललं असतं, पण मंदगतीनं. सेलेनियम त्याहून तत्पर आणि वापर झाल्यावर लवकर पूर्ववत होणारं.

मला खरी भुरळ पडते ती पेशी हे एन्झाइम कसं बनवते त्याची. जनुकाचा निरोप तीन-तीन अक्षरांनी वाचत प्रथिन विणलं जातं. ‘यूजीए’ ही अक्षरं आली की वाचन संपतं, साखळी सुटते. मग १९८६ साली दिसलं की या एन्झाइमच्या निरोपात यूजीए ऐन मध्येच आहे आणि तरीही वाचन पुढे चालू राहतं. एसटीच्या रस्त्यावर ‘विनंती थांबा’ अशी पाटी असते. कुणी हात केला तर गाडी थांबते, नाहीतर पुढे निघून जाते. इथं विनंती उलटी आहे: थांबू नका, एक खास प्रवासी घ्या आणि पुढे चला. ही विनंती केली जाते निरोपाच्या पार शेपटाकडून, तिथल्या एका दुमडलेल्या घडीतून. तो प्रवासी म्हणजे सेलेनोसिस्टीन, एकविसावं अमिनो आम्ल. बाकीची अमिनो आम्लं तयार होऊन आपापल्या वाहक आरएनएवर चढतात; हे मात्र वाहकावरच घडतं. आधी सेरीन चढतं, मग तिथंच त्याचं रूप पालटतं. इतकं तत्पर रसायन पेशीत मोकळं फिरू देणं धोक्याचं, म्हणूनही असेल.

सेलेनियम कमी पडलं तर सगळी प्रथिनं सारखी घटत नाहीत. ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजच्या कुटुंबातलं, पेरॉक्साइड निपटणारं पहिलं एन्झाइम लगेच उतरतं; त्याचा निरोपच पेशी मोडून टाकते. त्याच कुटुंबातलं, पेशीचं आवरण राखणारं चौथं बरंच टिकतं. कुणाला आधी वगळायचं, हे पेशीला माहीत असतं. टंचाईच्या गावात राहणाऱ्याला यात नवल वाटू नये.

जास्तीचंही दुखणं आहेच. २०२४च्या अखेरीस आणि २०२५च्या जानेवारीत बुलढाण्यातल्या शेगाव तालुक्यात माणसांचे केस अचानक गळू लागले. विंचूदंशावरच्या कामानं प्रसिद्ध असलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. मिलोसारखाच तोही दूरच्या, पंजाबकडच्या मातीतला गहू. पंजाबात नवांशहर-होशियारपूरच्या काही पट्ट्यांत जमिनीतच सेलेनियम फार आहे.

औषधांच्या दुकानात ‘अँटिऑक्सिडंट’च्या डब्या रांगेनं दिसतात तेव्हा मला जरा चीड येते. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण ५५ मायक्रोग्रॅम सेलेनियम पुरतं. तेवढं मिळालं की एन्झाइम भरून येतं; वर कितीही गिळलं तरी ते त्याहून जास्त होत नाही. उरलेलं बहुतेक लघवीवाटे जातं, आणि फारच झालं तर श्वासाला लसणाचा वास येऊ लागतो.