बळदातली ज्वारी



सोयाबीन निघालं, रान मोकळं झालं, आता मालदांडीची तयारी चालू आहे. परवा एका तरुण मित्रानं विचारलं, "काका, घरची ज्वारी बी म्हणून वापरली तर चालतीय का?" चालते की. पण आधी उगवण तपासा. १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, ओल मोडू देऊ नका. सहा-सात दिवसांनी चांगले मोड मोजा. ७५ च्या वर आले तर एकरी ४ किलो बी बास. कमी आले तर त्या हिशेबानं वाढवा.

ही गुंडाळी मी पहिल्यांदा केली १९९३ साली, तंबूत बसून.

आमचं गाव किल्लारीपासून जवळच. २९ सप्टेंबरला गणपती बुडवून लोक उशिरा झोपले आणि ३० तारखेला पहाटे ४ च्या आत सगळं खाली आलं. आमच्याकडची घरं म्हणजे दोन-तीन फूट रुंद दगड-मातीच्या भिंती आणि वर माळवद. गळू नये म्हणून दरसाल वर नवी माती टाकायची, थर वाढतच जायचा. तेवढं सगळं झोपलेल्या माणसांवर पडलं. कुडाच्या घरातली माणसं वाचली. मी आणि आबा शेतात जागलीला होतो म्हणून राहिलो. आई गेली, आजी गेली. शेजारच्या तात्यांची बायको आणि दोन्ही पोरं गेली. वरून पाऊस. त्या दिवसांचं जास्त लिहीत नाही, इथले बरेच जण ते भोगलेले आहेत.

आठवडाभरात पाऊस उघडला आणि रान वापशावर येऊ लागलं. रब्बी ज्वारीला आमच्याकडं दिवस मोजकेच असतात. लवकर पेरली तर खोडमाशी, उशिरा पेरली तर दाणा भरायच्या आत ओल संपते. हस्त सरत आलं होतं. तंबूत बसलेले लोक एकमेकांकडं बघायचे, पण पेरणीचं कुणी बोलायचं नाही. बोलायची लाज वाटायची.

बी होतं आमच्या बळदात. आईनं निवडून, राख लावून ठेवलेलं. पण त्याच भिंतीखालून जवानांनी तिला काढलं होतं. आबा म्हणाले, "त्या ढिगातला दाणा माझ्या रानात न्हाई पडायचा." मी गप्प बसलो. मग तात्या, जे चार दिवस कुणाशी बोलले नव्हते, ते म्हणाले, "आबा, वैनीनं ते पेरायलाच ठेवलं होतं की."

दुसऱ्या दिवशी आम्ही दगड उचलले. वरची ज्वारी भिजून काळी पडली होती, आंबूस वास येत होता. आतली कोरडी दिसत होती, पण भरवसा नव्हता. कृषी खात्यातले एक साहेब तंबूकडं आले होते, त्यांनी गोणपाटाची युक्ती सांगितली. गोणपाटाला काय कमी, मदतीच्या धान्याची पोती ढिगानं पडलेली. सहा दिवस त्या गुंडाळीवर पाणी शिंपडणं एवढंच काम मला होतं, आणि खरं सांगतो, त्या कामानंच मला झोप यायला लागली. ६३ मोड निघाले. आबांनी स्वतः दोनदा मोजले. म्हणाले, "एकरी ५ किलो धर."

आमचा एक बैल गेला होता, तात्यांचाही एक. दोघांचा उरलेला एकेक जुंपला. दोन्ही उजव्या अंगाला चालणारे, पहिला अर्धा दिवस तिफण सरळ जाईना. खरी अडचण चाड्याची होती. आमच्या घरी चाड्यावर कायम आईची मूठ असायची. मी चाडं धरलं. बोटांतून बी कधी ढब्बदिशी पडायचं, कधी सुटायचंच नाही. आबा आसूड धरून पुढं चालले होते, त्यांनी एकदाही मागं वळून बघितलं नाही.

आठवड्यानं ज्वारी उगवली तशी माझी मूठ सगळ्या रानाला दिसायला लागली. कुठं केसासारखी दाट, कुठं हातभर मोकळं. एरवी आबांनी शिव्या घातल्या असत्या. त्या साली दाट झालेली मुकाट्यानं विरळली आणि नांगे तसेच ठेवले.

जानेवारीत वेळ अमावस्या आली. कडब्याची कोप घातली. आंबिलाला मडकं मिळेना, मदतीत आलेल्या जर्मलच्या पातेल्यात आंबील केली. भज्जी तात्यांनी केली, खारट झाली होती. सगळ्यांनी खाल्ली.

पण गाव पुन्हा गाव झालं असं मला वाटलं ते काढणीच्या वेळी. दोन भावकीतले गडी बांधावरनं भांडले. एकानं दुसऱ्याची दोन ताटं कापली म्हणून आयमाय काढली, अंगावर धावून गेले. पाच महिन्यांत असा आवाज ऐकला नव्हता. अख्खं शिवार गोळा झालं, पण सोडवायला कुणी पुढं होईना, नुसतं बघत उभं. आबा हसायला लागले. भूकंपानंतर मी त्यांना हसताना पहिल्यांदाच बघितलं.

पुढं दीड-दोन वर्षं पत्र्याच्या शेडात काढली, मग नवं गाव मिळालं. रस्ते सरळ, घरं पक्की, पण गोठ्याचा विचार कुणी केला नव्हता आणि शेत लांब पडलं. त्यावर पुन्हा कधी. जुन्या गावठाणात आता नुसत्या वेड्या बाभळी आहेत.

आता पेरणी ट्रॅक्टरवर होते, चाडं कोपऱ्यात टांगलंय. गोणपाट मात्र दरसाल ओलं करतो. यंदाचं काल संध्याकाळी गुंडाळून ठेवलंय. सातव्या दिवशी मोजून आकडा इथंच टाकतो, तुमचाही कळवा.