लोखंडाच्या गावची चुनखडी

नागपूरहून हावड्याकडे निघालेली गाडी गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव मागे टाकून दुर्गला येते आणि लगेचच भिलाईच्या धुरांड्या दिसू लागतात. भिलाई म्हटले की पोलाद आणि रेल्वेचे रूळ, हे समीकरण शाळेपासून पाठ असते. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत रशियाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. तेव्हा हे मध्य प्रदेशातले गाव होते; २००० सालापासून ते छत्तीसगडमध्ये आहे.

लोहखनिज येते दल्ली-राजहऱ्याहून, त्याचे कौतुक सगळे करतात. पण गावापासून वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या नंदिनीच्या खाणीकडे पाहुण्यांचे लक्ष जात नाही. तिथे निघते चुनखडी. शंभर कोटी वर्षांपूर्वी या भागात उथळ समुद्र होता, त्याच्या तळाशी साचलेला हा थर!

या दगडाचे लोखंडाशी काय काम? लोहखनिजाबरोबर वाळूच्या जातीची घाण येते. तिला सिलिका म्हणतात. ती सहजासहजी वितळत नाही. चुनखडी मात्र सुमारे ९०० अंशांवर भाजली की तिचे दोन भाग होतात : कळीचा चुना आणि कार्बन डायऑक्साइड वायू. भट्टीत हा चुना सिलिकेला गाठतो, दोघांची मिळून वितळलेली मळी होते आणि लोखंडापेक्षा हलकी असल्याने त्याच्यावर तरंगते. दुधावरची साय काढावी तशी ती वेगळी काढतात. हल्ली बरीचशी चुनखडी खनिजाच्या भुकटीबरोबर आधीच भाजून गोळा करून घेतात, पण तिचे काम तेच.

ही मळीही वाया जात नाही. पाण्याच्या जोरदार माऱ्याने तिचे वाळूसारखे दाणे करतात आणि ते सिमेंटमध्ये जातात. शेजारच्या जामुलच्या सिमेंट कारखान्याला ही मळी हाताशीच आहे. म्हणजे एकाच दगडातून आधी रूळ, मग घर!

आजीच्या चंचीतली चुन्याची डबी याच कुळातली. कळीच्या चुन्यावर पाणी घातले की तो खदखदतो, भांडे चटके बसण्याइतके तापते. (मुलांना लांब ठेवावे, डोळ्यात उडाला तर दृष्टीच जाऊ शकते.) विरलेला चुना सणाआधी भिंतीला फासला की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि हळूहळू पुन्हा दगड होतो. भाजताना गेलेला वायू भिंत परत मिळवते.

झोतभट्टीत मात्र हा व्यवहार पुरा होत नाही. तिथला चुना सिलिकेत अडकून बसतो, त्यामुळे वायू बाहेरच राहतो. शंभर किलो शुद्ध चुनखडीतून चुना मिळतो ५६ किलो आणि वायू सुटतो ४४ किलो. पोलाद कारखान्याच्या धुराची चर्चा निघाली की सारा दोष कोळशावर जातो आणि मोठा वाटा त्याचाच आहे. पण उद्या कोळशाऐवजी दुसरे इंधन आले तरी दगडाच्या पोटातला हा वायू निघणारच. सिमेंट उद्योगाची तर ती सर्वांत मोठी डोकेदुखी आहे.

नंदिनीला निकामी झालेल्या खाणींच्या जमिनीवर अलीकडे मोठे वनीकरण झाले आहे. भट्टीतून गेलेल्या वायूचा हिशेब त्या रोपांनी फिटण्यासारखा नाही, पण उघड्याबोडक्या खड्ड्यांपेक्षा ते बरे. कारखाना पाहायचा असेल तर आधी परवानगी काढावी लागते. मुले बरोबर असतील तर मैत्री बागेतला पांढरा वाघ पाहून घ्यावा आणि वेळ उरला तर नंदिनीच्या रस्त्यावर चक्कर मारावी.