जबाब

"लिहून द्या आणि घरी जा," असं फौजदारसाहेबांनी तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा ठाण्यातल्या घड्याळात सव्वादहा वाजले होते.

2018 सालचा डिसेंबर. नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावी ख्रिस्ती घरांत आळीपाळीनं बुधवारी संध्याकाळी प्रार्थना होते. आम्ही तिला कॉटेज मीटिंग म्हणतो. त्या बुधवारी पाळी आमची होती. चौदा माणसं, एक पेटी, एक ढोलकी, टाळांच्या दोन जोड्या. दुसरं भजन रंगात आलं आणि तीसेक पोरं दारात येऊन उभी राहिली. इथं धर्मांतर चाललंय, असा त्यांचा पुकारा. एकानं आमच्या ह्यांच्या हातातले टाळ हिसकावून घेतले. थोड्या वेळानं पोलिसांची गाडी आली आणि चौकशीसाठी म्हणून आम्हालाच घेऊन गेली.

खरं सांगते, बाकड्यावर बसल्यावर मला आधी देव आठवला नाही. आठवला तो माझा एक चुलत दीर, जो एका आमदाराच्या ऑफिसात बसतो. त्याला तीन फोन लावले. दोन त्यानं उचलले नाहीत, तिसऱ्याला "बघतो" म्हणाला. रविवारी देवळात डोळे मिटून प्रभूला राजाधिराज म्हणणारी मी, बुधवारी त्या "बघतो"वर जीव टांगून बसले होते. मनुष्यावर, अधिपतींवर भिस्त ठेवू नका, हे स्तोत्र मी संडे स्कूलच्या मुलांकडून पाठ करून घेतलेलं आहे. असो.

फौजदार वाईट माणूस नव्हता. दिवसभराच्या बंदोबस्तानं शिणलेला, त्याला फक्त प्रकरण मिटवायचं होतं. जप्त केलेली भजनांची वही चाळत तो म्हणाला, "हे तर अभंग आहेत. आमची चाल चोरून तुमचा देव घातलाय, अशी त्या पोरांची तक्रार आहे."

मी म्हटलं, "साहेब, शाळेत तुम्हाला 'केवढे हे क्रौर्य' ही कविता होती का? जखमी पक्षिणीची?"

"होती की."

"ती लिहिणारे रेव्हरंड टिळक. हे अभंगही त्यांचेच."

"ते ख्रिश्चन होते?" त्याला खरंच माहीत नव्हतं. नारायण वामन टिळक म्हणजे कोकणातले चित्पावन, 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढं आमच्या नगरात बरीच वर्षं काढली, हे मी सांगत गेले आणि तो ऐकत गेला. 1917 मध्ये टिळकांनी साहेबांच्या मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. राज्य इंग्रजाचं, मिशन गोऱ्या साहेबाचं, आणि ह्या माणसानं दरबार मांडला तो देवाचा! लहानपणापासून ऐकलेलं हे नाव त्या रात्री पहिल्यांदा नीट माझ्या कानात शिरलं.

पण तेवढ्यानं कागद काही टळला नाही. "यापुढे राहत्या घरी परवानगीशिवाय कोणताही धार्मिक कार्यक्रम घेणार नाही," असा मजकूर तयारच होता. तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलेलं, म्हणून मी राज्यघटनेचं पंचविसावं कलम काढलं. तो म्हणाला, "बाई, कलम मलाही पाठ आहे. उद्या घरावर दगड आले तर कलम आडवं येणार आहे का? त्याच कलमात सार्वजनिक सुव्यवस्थाही आहे." मला उत्तर सुचलं नाही. आमच्या ह्यांनी सही केली. त्यांना रक्तदाब आहे, आणि घरी सून एकटी होती. त्यासाठी मी त्यांना आजवर बोल लावलेला नाही.

माझ्यापुढे कागद आला तेव्हा मला माझे वडील आठवले. 1972चा दुष्काळ, मी आठवीत. वडील दुष्काळी कामावर खडी फोडायचे. शाळेत कुणीतरी सुचवलं की पोरीच्या नावापुढं नुसतं 'हिंदू' आणि जुनी जात लावा, शिष्यवृत्ती मिळेल, वसतिगृह मिळेल. कारण 10 ऑगस्ट 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं आमचे लोक ख्रिस्ती झाले की अनुसूचित जातीतून बाहेर पडतात. 1956 साली शिखांना आणि 1990 साली बौद्धांना त्यात जागा मिळाली; आम्ही आणि मुसलमान अजून बाहेरच आहोत. गावानं मात्र आमची जात कधी काढून घेतली नाही, विहिरीवर तर मुळीच नाही. वडिलांनी रकान्यात 'ख्रिस्ती' लिहिलं. माझं शाळेचं एक वर्ष बुडालं. देवानं आकाशातून शिष्यवृत्ती पाठवली नाही. कितीतरी वर्षं मी त्यांच्यावर मनातून रागावलेली होते. ज्यांनी 'हिंदू' लिहिलं आणि रविवारी गुपचूप देवळात आले, त्यांनाही मी हसत नाही. पोट प्रत्येकाला असतं.

येशू सुभेदार पिलातापुढं उभा राहिला तो बांधलेल्या हातांनी, आणि तरी त्यालाच सांगितलं की तुझा अधिकार तुझा नाही, वरून मिळालेला आहे. मी समोर पाहिलं. त्या माणसाच्या खांद्यावरचे दोन तारेही वरूनच आलेले, उसने. उद्या बदली झाली की खुर्ची दुसऱ्याची. माझी भीती गेली नाही, हात कापतच होते. पण त्याचा राग मात्र येईना.

मी कोरा कागद मागितला. लिहिलं, की मी माझ्या घरात प्रार्थना करते आणि करीन, कोणावर बळजबरी केलेली नाही वा कोणाला आमिष दाखवलेलं नाही, लाउडस्पीकर कधी लावला नाही आणि लावणार नाही. आमच्यात एक शेजारीण होती, बाप्तिस्मा न घेतलेली, नवऱ्याची दारू सुटावी म्हणून येणारी. ती म्हणाली, "मला कुणी आणलं नाही, मी माझ्या पायांनी येते, हेही लिहा." तिनं अंगठा दिला. साहेबांनी दोन्ही कागद बराच वेळ धरून ठेवले, मग फायलीत लावले. साडेअकराला आम्ही पायी घरी आलो.

त्या तक्रारीचं पुढं काही झालं नाही. पण आमच्यातल्या एका तरुण जोडप्याला घरमालकानं महिन्याभरात खोली सोडायला लावली, शेजारणीच्या नवऱ्याची दारू सुटलेली नाही, आणि आम्ही चार महिने खिडक्या लावून, कुजबुजत प्रार्थना केली. बायबलातल्या दानिएलानं तर प्रार्थनाबंदीचं फर्मान निघाल्यावर खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या.

ईस्टरच्या आदल्या बुधवारी आमच्या ह्यांनीच उठून खिडकी उघडली. काही बोलले नाहीत. आता नऊ-दहा जण येतात. टाळ परत मिळाले नाहीत, ते नगरच्या बाजारातून नवे आणले. ढोलकी खुंटीला टांगलेली आहे. वाजवणारा पोरगा अजून आलेला नाही.