धनी, धारक आणि नाव

नाव आणि माणूस यांचे नाते हा साहित्याच्या अभ्यासकाला नवा विषय नाही. टोपणनावे, अर्पणपत्रिका, हस्तलिखितांवरच्या नाममुद्रा यांत आपला बराच काळ जातो. परंतु हाच प्रश्न संगणकाच्या आज्ञावलीत उभा राहतो तेव्हा त्यातून पळवाट उरत नाही. उत्तर एका निश्चित आकारात लिहून द्यावे लागते. डिजिटल प्रमाणपत्राचा धारक कोण, हे कोडमध्ये कसे मांडायचे, हा असाच एक प्रश्न. आमचा भाचा पुण्यात हेच काम करतो. त्याच्याशी झालेल्या बोलण्यातून जे हाती लागले ते येथे मांडत आहोत. विषय वरवर रुक्ष वाटेल. पण त्याची मुळे आमच्या खांब गावच्या सातबाऱ्यापर्यंत पोचतात, म्हणून हा प्रपंच.

प्रथम प्रमाणपत्र म्हणजे काय ते पाहू. ज्याला सही करावयाची आहे त्याच्याकडे किल्ल्यांची एक जोडी असते. गुप्त किल्ली त्याने स्वतःजवळ ठेवायची, दुसरी जगजाहीर करायची. गुप्त किल्लीने केलेली सही जाहीर किल्लीने पडताळता येते. गणित येथे संपते. किल्ली कोणाची, हे गणिताला ठाऊक नसते. तो एक प्रचंड आकडा असतो, त्याला गाव ना आडनाव. म्हणून कोणीतरी तिसऱ्याने सांगावे लागते की ही किल्ली अमक्याची. ही साक्ष म्हणजे प्रमाणपत्र. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० ने या साक्षीला कायद्याचे बळ दिले, आणि साक्ष देणाऱ्या संस्थांवर एक नियंत्रक नेमला. प्रमाणपत्रात जाहीर किल्ली असते, मुदत असते, साक्ष देणाऱ्याची सही असते, आणि धारकाचे नाव असते. आपला विषय हा शेवटचा रकाना.

या रकान्याची रचना १९८८ सालच्या एक्स.५०० या आंतरराष्ट्रीय मानकातून आली. साऱ्या जगाची एकच नामसूची असावी, जणू पृथ्वीचा एक टेलिफोन-ग्रंथ, अशी त्यामागची कल्पना होती. नाव म्हणजे अक्षरांची ओळ नव्हे, तर एका झाडावरची जागा. मुळाशी देश, त्यावर राज्य, मग संस्था, विभाग, आणि शेंड्याला माणूस. तो जागतिक ग्रंथ कल्पिल्याप्रमाणे कधी उभा राहिला नाही. नावांची पद्धत मात्र प्रमाणपत्रांत टिकून राहिली. घर पडले आणि पत्ता उरला, असाच हा प्रकार.

आता गंमत पाहा. प्रमाणपत्राच्या पोटात नाव मोठ्याकडून लहानाकडे जाते : आधी भारत, मग महाराष्ट्र, मग व्यक्ती. पण तेच नाव मजकूर म्हणून लिहिण्याचा जो नियम १९९७ मध्ये ठरला, त्यात क्रम उलटा आहे. आधी व्यक्ती, शेवटी देश. आपल्या पोस्टकार्डावर ‘मु. खांब, ता. रोहा, जि. रायगड’ असे लिहिण्याची रीत याच दुसऱ्या क्रमाची. भाच्याला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “मामा, हे आम्हाला शिकवताना कोणी पोस्टकार्ड दाखवलं असतं तर अर्धा दिवस वाचला असता.”

क्रमापेक्षा अवघड गोष्ट रकान्यांची आहे. या मानकात आडनावाला जागा आहे, स्वतःच्या नावाला आहे, आद्याक्षरांना आहे, पदाला आहे. ‘धाकटा’, ‘तिसरा’ असे पिढीदर्शक शेपूट लावण्याचीही सोय आहे. वडिलांच्या नावाला मात्र स्वतंत्र रकाना नाही. म्हणजे मराठी नावाचा मधला पाय ठेवायला जागाच नाही. सोय अशी की सगळे नाव ‘सामान्य नाव’ या एका रकान्यात, ६४ अक्षरांच्या मर्यादेत, ओळीने लिहून टाकायचे. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात आईचेही नाव आले आहे : आधी स्वतःचे, मग आईचे, मग वडिलांचे, मग आडनाव. ती मुले सही करण्याच्या वयाची होतील तेव्हा हा रकाना आणखी दाटीवाटीचा होईल. आणि जो धारक कोणत्याच संस्थेचा नाही, त्याच्या प्रमाणपत्रात आपल्याकडे संस्थेच्या जागी ‘पर्सनल’ असे लिहितात. रकाना रिकामा राहू नये म्हणून माणसाच्या खासगीपणालाच संस्था करून टाकले आहे!

नाव आणि ओळख यांची सांगड आपल्या जुन्या कागदांनी वेगळ्या रीतीने घातली होती. महजरावर साक्ष घालताना पाटलाच्या नावापाशी नांगराची निशाणी येई, बलुतेदाराच्या नावापाशी त्याच्या धंद्याचे हत्यार. माणूस अक्षरशत्रू असला तरी गावगाड्यातली त्याची जागा त्या चित्राने सांगितली जाई. शिवछत्रपतींच्या मुद्रेतही ‘शहाजीचा पुत्र’ ही ओळख नावाच्या आधी येते. आणि पत्राच्या अखेरीस मर्यादेची वेगळी मुद्रा उठते, ती पुढे कोणी मजकूर वाढवू नये म्हणून. डिजिटल सही नेमकी हीच दोन कामे करते : सही कोणाची ते सांगणे आणि सहीनंतर अक्षरही बदललेले नाही याची ग्वाही देणे.

रोह्याशी ज्यांचे नाते आहे ते चिंतामणराव देशमुख १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. नोटेवरची त्यांची सही, तिच्याखालचे पद, ‘मेघदूता’च्या मराठी अनुवादावरचे नाव आणि रोह्यातल्या लोकांच्या तोंडचे ‘सीडी’ हे सारे एकाच माणसाचे. नोट मोडणाऱ्याला मात्र त्यातले पदच पुरेसे होते. कोणती ओळख कोठे लागू, हे त्या त्या व्यवहाराने ठरते.

साहित्यात तर याची उदाहरणे पावलोपावली आहेत. १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ विभावरी शिरूरकर या नावाने आले, आणि ही बाई कोण यावरून गदारोळ उठला. त्या माहेरच्या बाळूताई खरे, सासरच्या मालतीबाई बेडेकर. कुसुमाग्रजांचे ‘खरे’ नाव विष्णु वामन शिरवाडकर असे आपण विद्यार्थ्यांना सांगतो. पण तेही दत्तक गेल्यावर मिळालेले, जन्मनाव गजानन रंगनाथ. मग खरे कोणते? मानककर्त्यांनाही हा पेच दिसला असावा, कारण प्रमाणपत्राच्या नावात टोपणनावासाठी रीतसर रकाना आहे. कोणी साक्ष देणारा तयार असेल तर यंत्राची हरकत नाही.

येथवर सारे अभ्यासाचे झाले. आज्ञावलीत शिरल्यावर मात्र चूक महाग पडते. जावा या भाषेत धारकाच्या ओळखीला ‘प्रिन्सिपल’ म्हणतात. महाविद्यालयातल्या वाचकांना दचकण्याचे कारण नाही, येथे अर्थ ‘मूळ धनी’ असा आहे. २००२ पासून त्या भाषेत एक्स.५०० नावांसाठी वेगळा वर्ग आहे. तो नाव झाडाच्या आकारात सांभाळतो आणि मागितले तरच ओळ करून देतो. पण घाईतला प्रोग्रामर ओळच उचलतो आणि स्वल्पविरामापाशी तोडून तुकडे करतो. समजा, एखाद्याने आपल्या संस्थेच्या नावातच स्वल्पविराम घालून पुढे दुसऱ्याचे ‘सामान्य नाव’ लिहिले, तर? तोडणाऱ्याला तो तुकडा खरा वाटतो आणि भलताच माणूस धनी ठरतो. हे काल्पनिक नव्हे. अपाची एचटीटीपीक्लायंट या बहुवापरातल्या घटकात असाच दोष २०१४ मध्ये उघड झाला आणि दुरुस्त करावा लागला. वाक्याचा अन्वय न लावता नुसत्या विरामचिन्हांवर अर्थ काढणाऱ्या वाचकाची गत याहून वेगळी नसते.

देवनागरीचे आणखी निराळे. जुन्या प्रमाणपत्रांतल्या एका प्रकारच्या रकान्यात रोमन अक्षरे, आकडे आणि मोजकी चिन्हेच मावत. नव्या प्रमाणपत्रांतली नावे २००३ नंतर युनिकोडच्या यूटीएफ-८ रूपात लिहावीत असे १९९९ मध्ये ठरले. त्या रूपात ‘खांब’ हे चार चिन्हांचे नाव १२ बाइट घेते. आणि ‘गोऱ्हे’ या आडनावातला अर्धा र दोन रीतींनी टंकित होतो. डोळ्याला अक्षर एकच, पण बाइट ताडून पाहणाऱ्या यंत्राला माणसे दोन.

खांब हे गाव मुंबई–गोवा महामार्गावर नागोठणे आणि कोलाड यांच्या मध्ये आहे. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले, आणि या पट्ट्यातल्या घराघरांतून सातबारे बाहेर निघाले. आमच्या घरच्या उताऱ्यावर आजीचे नाव सासरचे होते, एका जुन्या खरेदीखतात माहेरचे, आणि तिसऱ्या कागदावर नुसता डाव्या हाताचा अंगठा. तिन्ही ठिकाणी ती एकच, हे गावाला ठाऊक होते. कागदाला पटवायला आमच्या वडिलांची तीन वर्षे गेली. शेवटी उपयोगी पडली ती दोन वृद्धांची साक्ष. आजी तोवर हयात नव्हती.

१ मे २०१८ पासून राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. चकरा वाचल्या, आणि उताऱ्यावर कोणी मागाहून हात फिरवील ही भीती कमी झाली. पण सही उताऱ्याची ग्वाही देते, उताऱ्यातल्या नावाची नव्हे. आजीचे नाव चुकीचे असते, तर तीच चूक आता निर्दोष सहीनिशी मिळाली असती.

हे आम्ही बोललो तेव्हा भाचा थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने आपल्या कामाची पद्धत सांगितली. धारकाचे नाव जसे आले तसेच, मूळ बाइटांसह जपायचे. ओळ करायची ती फक्त माणसाला दाखवण्यासाठी, निर्णयासाठी नाही. आणि नुसत्या नावावरून दोन माणसांना एक मानायचे नाही, कोणी साक्ष दिली तेही पाहायचे. “नाव जुळलं नाही तर ‘खोटा’ असं लिहीत नाही मी,” तो म्हणाला, “‘जुळत नाही’ एवढंच लिहितो. पुढचं माणसानं बघायचं.”

संशोधित पाठ सिद्ध करणारा संपादक याहून वेगळे काय करतो? मूळ वाचन जपतो, आपले वाचन शेजारी देतो, आणि दोहोंची सरमिसळ होऊ देत नाही. आमच्या वडिलांपुढच्या त्या कागदांवर कोणी ‘खोटे’ ऐवजी ‘जुळत नाही’ एवढेच लिहिले असते, तर ती तीन वर्षे कदाचित तीन महिन्यांवर आली असती.