चुरोज, चकली आणि पुरावा

चुरोज म्हणजे काय हे आजच्या मुलांना सांगावे लागत नाही. मॉलमधून, कॅफेंमधून ते आपल्याकडे केव्हाच आले. माझ्या वयाच्या वाचकांसाठी मात्र थोडक्यात सांगते. मैद्याची उकड काढायची, ती चांदणीच्या चकतीतून पाडायची, तळायची आणि वर साखर भुरभुरायची. झाले चुरोज! हा पदार्थ स्पेनचा. तिथे सकाळी कपात दाट गरम चॉकलेट घेतात आणि चुरो त्यात बुडवून खातात. माद्रिदमधले सान हिनेस हे दुकान १८९४ पासून हेच विकते आहे. दालचिनी घातलेली साखर लावायची पद्धत मेक्सिकोकडची.

आमच्याकडे मी करते ते असे. एक वाटी पाणी, अर्धा चमचा मीठ आणि चमचाभर तेल उकळायला ठेवायचे. खळखळून उकळी आली की गॅस बंद करून एक वाटी मैदा एकदम घालायचा आणि उलथन्याने भराभर घोटायचा. पाच मिनिटे झाकून ठेवायचे, मग हाताला सोसेल इतपत गरम असतानाच मळायचे. मोदकाची उकड जमणाऱ्या बाईला यात नवे काही नाही. अंडे-लोणी घालणाऱ्याही कृती आहेत, पण स्पेनमधल्या साध्या चुरोजना ते लागत नाही.

सोऱ्याला चकलीची चकतीच लावा, शेवेची किंवा साधी गोल नको. हे निव्वळ शोभेसाठी सांगत नाही. गुळगुळीत गोल कांडीचे वरचे कवच आधी कडक होते, आतली वाफ कोंडते आणि कांडी कढईत फुटते. उकळते तेल अंगावर उडते. काटे असले की पीठ सारखे तळले जाते आणि वाफेला वाट मिळते. सोऱ्यात पीठ दाबून भरा, मध्ये हवा राहू देऊ नका. आणि लहान मुलांना त्या वेळी ओट्यापासून लांबच ठेवा.

आता उगमाची गोष्ट. माझ्या नातीला शाळेत खाद्यपदार्थांवर प्रकल्प होता. तक्त्यात 'मूळ देश' असा एकच रकाना. तिने लिहिले, चीन. कथा अशी, की पोर्तुगीज खलाशांनी चीनमध्ये योउत्याओ नावाच्या तळलेल्या कांड्या पाहिल्या. पण तिथल्या राजाने ती विद्या परक्याला देणाऱ्याला देहदंड ठेवला होता, म्हणून पीठ ओढून लांबवण्याची युक्ती त्यांना शिकता आली नाही. मग त्यांनी ते साच्यातून पाडले!

मी विचारले, "हे कुठे लिहून ठेवलंय?"

"आजी, दहा ठिकाणी हेच आहे!"

छत्तीस वर्षे वह्या तपासल्यात मी. एका बाकावरच्या पाच जणांचे उत्तर शब्दशः सारखे आले, तर साक्षीदार पाच नसतात, एकच असतो. त्या दहा ठिकाणी काळाची नोंद नाही, जुन्या ग्रंथाचे नाव नाही. दुसरी कथा मेंढपाळांची. डोंगरात पाव मिळेना म्हणून त्यांनी पीठ तळले आणि चुर्रा जातीच्या मेंढीच्या शिंगांवरून नाव ठेवले. तीही तशीच, गोड आणि बिनपुराव्याची.

मग मी तिला एक लेखी गोष्ट दाखवली. रोमन लेखक केटो इसवी सनापूर्वी १४९ मध्ये वारला. त्याच्या शेतीवरच्या पुस्तकात एन्किटम नावाचा पदार्थ आहे. चीज आणि पीठ यांचा गोळा, तळाला भोक असलेल्या भांड्यातून गरम चरबीत सोडायचा, त्याचे वेटोळे करायचे, दोन काड्यांनी उलटायचे आणि मधाबरोबर वाढायचे. पोर्तुगीज चीनला पोहोचले १५१३ मध्ये. म्हणजे भोकातून पीठ पाडून तळणे युरोपला त्याच्या दीड हजार वर्षांहून अधिक आधीपासून ठाऊक होते. यावरून एन्किटम हाच चुरोजचा पूर्वज असे सिद्ध होत नाही, हेही मी तिला बजावले. पण चीनला जाण्याची गरज होती, हे तरी उरत नाही.

नातीने 'चीन' खोडून लिहिले, "स्पेन. चीनहून आल्याची कथा सांगतात, तिला लेखी पुरावा दिसत नाही." रकान्यात मावेना म्हणून चिठ्ठी चिकटवली. उत्तर नेमके नाही म्हणून एक गुण कापला गेला. घरी येऊन रडली. तिची आई मला म्हणाली, "आई, एका गुणासाठी कशाला?" मी काही बोलले नाही. पोरीचा गुण गेला होता, माझा नाही.

दोन दिवसांनी नात स्वतःच वही घेऊन आली. चिठ्ठी तिने काढलेली नव्हती. म्हणाली, "आजी, त्या केटोचं वेटोळं पनीर घालून करून बघायचं का?"

येत्या रविवारी करणार आहोत. मध आणून ठेवलाय.