नवे गीत रुचले नाही तर?



आवडत्या बँडचा नवा अल्बम येणार म्हणून चाहता महिनोन्‌महिने वाट पाहतो. अल्बम हाती येतो, दोन-तीन गाणी होतात आणि मन खट्टू होते. "हे ते राहिले नाहीत," असे तो म्हणतो. वरवर पाहता ही निराशा किरकोळ आहे. पण धर्मशिक्षणाचा वर्ग सुटल्यावर मागे थांबून माणसे आम्हाला जे सांगतात, ते थोडेफार असेच असते. "प्रार्थनेला बसतो, पण आता पूर्वीसारखे वाटत नाही." तिथे विषय देवाचा असतो. म्हणून आज एका बँडची गोष्ट सांगावीशी वाटते.

आयर्लंडमधल्या डब्लिनचा 'यू टू' हा बँड १९७६ साली शाळकरी मुलांनी सुरू केला. त्यांतले तिघे, बोनो, एज आणि लॅरी मलन, तरुणपणी एका ख्रिस्ती प्रार्थनागटात जात. ख्रिस्ताच्या मागे जायचे तर रॉक संगीत सोडावे काय, या विचाराने ते बँड बंद करण्यापर्यंत आले होते. ते थांबले नाहीत. १९८३ च्या 'वॉर' या अल्बमचे शेवटचे गाणे आहे '४०'. हा आकडा स्तोत्रसंहितेतल्या ४० व्या स्तोत्राचा. स्टुडिओची वेळ संपत आली असताना हे गाणे घाईघाईने तयार झाले. पुढे कितीतरी कार्यक्रमांचा शेवट त्याच गाण्याने झाला. वादक एकेक करून मंचावरून निघून जात आणि श्रोते मात्र गातच राहत.

ज्यांनी हे अनुभवले, त्यांच्या हाती मार्च १९९७ मध्ये 'पॉप' हा अल्बम आला. पहिल्याच गाण्याचे नाव 'डिस्कोथेक'. नाचघरातला ठेका, यंत्रावर तयार केलेले ध्वनी, आणि दौऱ्यात मंचावर आरशांनी मढवलेले भलेमोठे लिंबू, त्यातून बँड बाहेर येणार! जुने चाहते हिरमुसले. अमेरिकेत खपही आधीच्या अल्बमांपेक्षा बराच कमी झाला. दौऱ्याच्या तारखा आधीच ठरून गेल्या होत्या, त्यामुळे काम मनासारखे पुरे झाले नाही, असे बँडनेच नंतर सांगितले. २००२ च्या संग्रहात त्यातली काही गाणी त्यांनी नव्याने घडवून घेतली. म्हणजे चाहत्यांची निराशा अगदीच निराधार नव्हती. प्रेम असते तिथेच अपेक्षा असते, आणि अपेक्षा असते तिथे मन दुखावतेही. त्यात पाप नाही.

पण या अल्बमचे शेवटचे गाणे ऐकण्यासारखे आहे. 'वेक अप डेड मॅन' हे त्याचे नाव कानाला खटकते. गाणे मात्र थेट येशूला उद्देशून आहे. जग बिघडले आहे, मी एकटा पडलो आहे, तू ऐकतोस ना, मदतीला ये, असा त्याचा आशय. मध्येच अल्बम बंद करणाऱ्याला ही प्रार्थना भेटतच नाही.

आता ४० वे स्तोत्र उघडून पाहा. पहिल्या भागात स्तोत्रकर्ता धीराने वाट पाहतो, देव त्याला चिखलातून वर काढतो, पाय खडकावर ठेवतो आणि तोंडी नवे गीत घालतो. '४०' या गाण्यात हाच भाग आहे. पण स्तोत्र तिथे संपत नाही. पुढे संकटे पुन्हा घेरतात, डोक्यावरच्या केसांहूनही जास्त, आणि तो देवाला विनवतो की आता उशीर करू नकोस. आम्हाला वाटते, १९८३ मध्ये जो अर्धा भाग गायचा राहिला होता, तो १९९७ च्या त्या शेवटच्या गाण्यात वेगळ्या शब्दांत आला. नवे गीत प्रत्येक वेळी आनंदाचेच असेल, असे वचन देवाने कुठे दिले आहे?

प्रार्थनेतल्या कोरड्या काळाविषयी संत इग्नेशियस लोयोला यांनी 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथात एक साधा नियम दिला आहे. मन उजाड झाले असताना पूर्वीचा चांगला निश्चय बदलू नये. उलट प्रार्थनेला थोडा जास्त वेळ द्यावा. बरे वाटत नाही म्हणून लगेच उठून जाऊ नये, इतकेच.

याच 'पॉप'च्या दौऱ्यात २३ सप्टेंबर १९९७ रोजी बँड सारायेवोला गेला. वेढा आणि युद्ध सोसलेले ते शहर. या कार्यक्रमासाठी बंद पडलेली रेल्वे पुन्हा धावली आणि एकमेकांशी लढलेल्या समाजांतली माणसे एका मैदानात जमली. त्या रात्री बोनोचा आवाज बसला. तेव्हा गाणी लोकांनी उचलून धरली.

आमच्या चर्चमध्ये मराठी मिस्सेला एक मावशी गायनवृंदात असत. पती गेल्यावर त्यांचे गाणे थांबले. त्या शेवटच्या बाकावर मुकाट बसू लागल्या. एकदा आम्ही त्यांना ४० वे स्तोत्र शेवटपर्यंत वाचायला सांगितले. पुढच्या रविवारी त्यांनी विचारले, "देवाशी इतके घायकुतीला येऊन बोललेले चालते?"

"बायबलमध्येच आहे, मावशी."

त्या अजून गात नाहीत. पण दर रविवारी येतात, गीताच्या वेळी उभ्या राहतात. त्यांच्या वाट्याची ओळ सध्या आम्ही गातो. ख्रिस्तसभा म्हणजे आणखी काय? एकाचा आवाज बसला की बाकीच्यांनी गाणे पुढे न्यायचे.

हे प्रभो, आम्हाला न रुचलेल्या गीतातही तुझा आवाज ओळखायला शिकव. मन कोरडे असेल त्या दिवशीही आम्हाला तुझ्यासमोर बसवून ठेव. आणि शेवटच्या बाकावर जो मुका बसला आहे, त्याच्यासाठी गाण्याचे बळ आम्हाला दे. आमेन.